पुस्तके वाजवून पाहावीत

(मंडळाच्या कोजागिरीच्या बैठकीत केलेले भाषण)



पुस्तकांविषयी बोलण्याचा हिचा अधिकार काय, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला. मी लेखिका नाही, शिक्षिका नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि वाचन म्हणाल तर दुपारची झाकपाक झाल्यावर चहाच्या वेळेपर्यंत जो तासभर मिळतो त्यात बसेल तेवढे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, ‘‘विद्वान वक्ते आपण दरवर्षी बोलावतो. यंदा आपल्यातल्याच एका वाचणाऱ्या बाईला काय वाटते ते ऐकू.’’ तेव्हा मला नाही म्हणता येईना.

दुसरेही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे एक सूचना आली. आपल्या पुस्तकांच्या कपाटात जागा उरलेली नाही. तेव्हा रहस्यकथा, जुन्या रंजक कादंबऱ्या आणि शिवण सुटलेली पुस्तके रद्दीत घालावीत, व त्या जागी पारितोषिके मिळालेले ग्रंथ आणावेत, अशी ती सूचना. सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण कोणते पुस्तक ठेवण्याजोगे आणि कोणते टाकण्याजोगे, हे आपण ठरवायचे कशावरून? त्याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेले. हे कशाला, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने वाजवून पाहतात, असे काका म्हणाले. आणि मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, आणि तेच मडके कच्चे निघाले.

मला वाटते, पुस्तकही असेच घ्यावे. वेष्टनावर काय लिहिले आहे, कोणी प्रस्तावना लिहिली आहे, हे बाजूला ठेवावे आणि आपल्या हाताने वाजवून पाहावे. मी पन्नास वर्षे हेच करीत आले. त्यातली चार-पाच मडकी आज तुमच्यापुढे मांडते.

पहिले मडके अगदी साधे. मी शाळेत असताना आमचे दादा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणीत. या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांची नावे आम्हांला शेजाऱ्यांच्या नावांसारखी पाठ होती. घरात त्या वाचायला बंदी. म्हणून मी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचीत असे. आज त्यांतली एकही गोष्ट मला सांगता येणार नाही. परंतु पान उलटण्याची ओढ मला त्यांनी लावली. धडा वाचताना बोट ठेवून वाचणारी मुलगी झुंजारच्या मागे धावता धावता बोट न ठेवता वाचू लागली. हे ऋण मी नाकारले तर ते कृतघ्नपणाचे होईल.

आता थोरांकडे वळते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मुलांना हे पुस्तक मी दोनदा वाचून दाखवले. तरी खरे सांगते, मला ते पुन्हा हातात घ्यावेसे वाटत नाही. ती आई इतकी चांगली आहे की, दिवसातून तीनदा मुलांवर ओरडणाऱ्या माझ्यासारखीला अपराध्यासारखे वाटू लागते. त्यातल्या दोन जागा मात्र माझ्या आवडत्या. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ती शिंपटीने मारून विहिरीकडे धाडते, ती एक. तिथे ती मला माझ्यासारखी वाटते. आणि अळणी भाजी चाखूनही वडील चकार शब्द काढीत नाहीत, ती दुसरी. आमच्या घरी ही दुसरी जागा मी जरा मोठ्या आवाजात वाचीत असे. ऐकणाऱ्यांनी ती ऐकली की नाही, ते सांगत नाही!

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची. ती मी दोन रात्रींत संपवली आणि पदर ओला केला. पुढे अष्टविनायकाच्या यात्रेत थेऊरला गेलो, तिथे रमाबाई सती गेल्या ती जागा पाहिली. माधवराव १७७२ साली गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई त्यांच्याहूनही लहान. त्या जागी उभी असताना माझ्या मनात आले, पुस्तकात हे सारे किती सुंदर वाटले होते! आणि इतके सुंदर वाटले हे बरे झाले का? पुस्तक वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून रडू आणणारे पुस्तक मी दोनदा वाजवून पाहते.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, ती सांगते.

माझे लग्न १९७४ साली झाले. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निरक्षर होत्या. त्यांचे बालपण निजामाच्या राज्यात गेले. तेव्हा शाळांत उर्दूचे प्रस्थ, आणि त्यांच्या खेड्यात मुलींसाठी शाळाच नव्हती. परंतु ऐकण्याचा अभ्यास दांडगा. चातुर्मासात ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ ऐकून ऐकून सारे महाभारत त्यांना तोंडपाठ होते. दुपारी त्या ज्वारी निवडीत आणि मी वाचून दाखवी. असे आम्ही शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ वाचायला घेतले.

हे पुस्तक १९६७ सालचे. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशी सहा माणसे आपापल्या तोंडाने कथा सांगतात. मी तर कर्णावर लुब्ध झाले होते. दीड महिना वाचन चालले. आत्याबाई मुकाट्याने ऐकत. पुस्तक संपले, मी डोळे पुसले, आणि त्या सुपावरची नजर न काढता म्हणाल्या,

‘‘समदे आपापलं सांगायलेत. मग भर सभेत जिच्या लुगड्याला हात घातला, तिला का बरं बोलू दिलं न्हाई?’’

मी गप्प झाले. सहा जणांत द्रौपदी नाही, हे मॅट्रिक झालेल्या माझ्या ध्यानातच आले नव्हते. द्यूतसभेत कर्ण तिला काय बोलला, हे पोथीतून त्यांना पक्के माहीत होते. आपण रंगून गेलो म्हणून ते विसरायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

मग कोणीतरी मला इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ सुचवले. तेही १९६७ सालचेच. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. विद्वान बाईंचे पुस्तक म्हणून मी भीत भीत उघडले, पण त्यात द्रौपदीवर स्वतंत्र लेख आहे, तो आत्याबाईंना वाचून दाखवला. स्वतः हरलेल्या धर्मराजाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, असा प्रश्न द्रौपदीने सभेत विचारला. असा धर्माचा कूट वाद घालण्यात तिची चूक झाली, असे इरावतीबाईंचे मत आहे. बाईंची बुद्धी थोर. मला ते पटूही लागले होते. आत्याबाईंनी मात्र सूप खाली ठेवले.

‘‘चूक कशाची? माझ्या पाटल्या तुझ्या मामंजींनी मला न इचारता गहाण टाकल्या, बैलासाठी. त्या पुन्हा आल्या न्हाईत. तिनं इचारलं तरी. म्या इचारलं न्हाई.’’

मैत्रिणींनो, त्या घरात मला तोवर दोन वर्षे झाली होती. पाटल्यांची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आत्याबाईंनी ती कोणालाच सांगितली नव्हती, असे मामंजींच्या पश्चात कळले. चाळीस वर्षे पोटात ठेवलेला शब्द एका पुस्तकाच्या निमित्ताने बाहेर आला. आणि तो त्या पुस्तकाशी वाद घालण्यासाठी आला. त्या दिवशी मला उमगले की, थोर पुस्तकापुढे मान डोलावणे म्हणजेच वाचणे नव्हे. इरावतीबाईंनी मत मांडले म्हणून तर आत्याबाईंना त्यावर आपले मत सापडले! पुढे घरात जमिनीचा व्यवहार निघाला, तेव्हा ‘‘कागद वाचून दाखवा, मग अंगठा,’’ असे त्या सर्वांदेखत म्हणाल्या. सारे चकित झाले. मी झाले नाही.

आता शेवटचे मडके. यात माझी फजिती आहे.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली निघाली. १९८० च्या सुमारास आमच्या धाकट्या भावोजींनी ती कॉलेजातून आणली आणि, ‘‘वहिनी, हे वाचा, मग बोला,’’ म्हणून माझ्या हातात ठेवली. साठेक पाने वाचली. पांडुरंग सांगवीकर हा बापाच्या पैशाने पुण्यात राहणारा, सगळ्यांची टिंगल करणारा पोरगा. मला त्याचा संताप आला. मी थापटणे मारले, ‘‘कच्चे!’’ म्हटले, आणि पुस्तक परत केले.

नेमाड्यांना २०१४ सालचे ज्ञानपीठ मिळाले, तेव्हा सूनबाईंनी तेच पुस्तक पुन्हा आणले. या वेळी मी साठ पानांच्या पुढे गेले. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते, त्या भागाशी आले. तो साध्या माणसासारखे रडत नाही. चिडतो, वाटेल ते बोलतो. मी पुस्तक मिटले आणि परसात जाऊन बसले. मधल्या काळात माझीही धाकटी बहीण गेली होती. मीही तेव्हा रडले नव्हते. डॉक्टरांवर, तिच्या सासरच्यांवर, भेटायला येणाऱ्या बायांवर उगाच चिडत होते. आणि हिला दुःख कसे नाही, असे लोक म्हणत होते. ते पोरगे मला त्या दिवशी समजले. १९८० साली कच्चे होते ते पुस्तक नव्हे, मी होते.

गोरोबाकाकांच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आपण सांगायला विसरतो. नामदेव कच्चे निघाले, पण त्यांना कोणी फोडून टाकले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन परत आले. थापटणे जरूर मारावे, पण आवाज मडक्याचा आला की आपल्याच डोक्याचा, हेही ऐकावे. आणि त्यासाठी मडके घरात राहायला हवे.

म्हणून माझे कार्यकारिणीला सांगणे इतकेच आहे. नवे ग्रंथ अवश्य आणा. जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावी त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपुढे आपल्या बायाबापड्यांची केवढी गर्दी होती, ती मी पाहिली आहे. पारितोषिकांचे ग्रंथही त्या वाचतील. पण अर्नाळकर आणि बाबा कदम रद्दीत घालू नका. जिला अजून बोट ठेवून वाचावे लागते, तिने कपाट उघडल्यावर तिच्या हाताला लागेल असे काहीतरी खालच्या कप्प्यात असू द्या. वरच्या कप्प्यापर्यंत तिचा हात तिच्या वेळेने पोचेल. कोणाचा कधीच पोचला नाही, तरी तिची दुपार बरी गेली, हेही काही थोडे नाही.

जागेचा प्रश्न राहतो. आमच्या घरी आत्याबाईंचे एक जुने लाकडी कपाट आहे. त्यात त्यांची लुगडी असत. आता ते रिकामे आहे. मंडळाला चालत असेल तर ते मी देते. उचलून आणायला मात्र चार जणी लागतील. शिसवी आहे, जड आहे.

माझ्या मतांनी कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा करावी, आणि मते पटली नसतील तर उभे राहून तसे सांगावे. दूध आटत आले आहे, तेव्हा एवढे बोलून मी आपली रजा घेते.