वर्गखोलीतील व्हिनाइल आणि त्याखालील अस्तर
(शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पहिली-दुसरीच्या वर्गात व्हिनाइलचे रंगीत आच्छादन घालण्याची पद्धत आता पुष्कळ शाळांत रूढ झाली आहे. गुंडाळी निवडताना आपण रंग पाहतो, नक्षी पाहतो, जाडी विचारतो. ती कशावर अंथरावयाची हा प्रश्न मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः आच्छादन किती वर्षे टिकेल हे बव्हंशी खालच्या अस्तरावर ठरते.

व्हिनाइल पातळ व लवचीक असते. खालचा खडा, फरशीची दरज, कोब्याचा खळगा हे सर्व काही दिवसांत वर उमटते आणि नेमके तेथेच ते झिजून फाटते. म्हणून अस्तर सपाट, कठीण व कोरडे असावे. सपाटी पाहणे सोपे आहे. दहा फुटांची सरळ पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवावी. तिच्याखाली पाच मिलिमीटरांहून अधिक फट दिसू नये. कोरडेपणाची गोष्ट निराळी, आणि आपल्याकडे दुर्लक्ष होते ते तिच्याकडेच.

जमिनीलगतच्या कोब्यातून ओल वर येत असते व हवेत उडून जाते, म्हणून ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. वर व्हिनाइल पडले की तिची वाट बंद होते. सिमेंटमधील क्षार घेऊन आलेले ते पाणी गोंद मऊ करते. कडा सुटतात, फुगवटे येतात, खाली बुरशी धरते. वर्गाला कुबट वास येऊ लागतो. दम्याच्या मुलाला ही बुरशी बाधते, आणि ते मूल तर दिवसभर त्याच जमिनीवर मांडी घालून बसलेले असते.

ओल पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व निदान सोळा तास तसाच ठेवावा. उचलल्यावर आतल्या बाजूस थेंब दिसले किंवा खालची जमीन काळसर झालेली आढळली, तर ओल आहे असे समजावे. मात्र ही परीक्षा मे महिन्यात घेऊन समाधान मानू नये. त्या वेळी ओली जमीनही कोरडी भासते. ती श्रावणात घ्यावी. मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्याच्या घाईत अंथरलेले आच्छादन जुलैत फुगते, ते याच कारणाने.

ओल आढळल्यास आधी बाहेर पाहावे. पागोळ्यांचे पाणी भिंतीशी मुरते काय? अंगण जोत्याहून उंच झाले आहे काय? तेवढ्याने न भागल्यास कोबा खणून, खाली जाड प्लास्टिकचा थर घालून तो नव्याने करावा लागतो. तेवढा पैसा नसेल तर सतरंजीच बरी. नव्या कोब्यासही घाई चालत नाही. अठ्ठावीस दिवसांत तो बळकट होतो, परंतु वाळत नाही. एका इंचाला एक महिना हा ठोकळ हिशेब, आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक.

शहाबादी फरशी असेल तर डुगडुगणाऱ्या लाद्या आधी बसवून घ्याव्यात, गुळगुळीत पृष्ठभाग खरवडून घ्यावा, त्याला साजेसा प्राथमिक लेप द्यावा आणि मग सपाटीकरणासाठी मिळणारे तयार सिमेंट-मिश्रण दोन ते पाच मिलिमीटर ओतावे. गवंडी नुसत्या सिमेंटची घोटाई सुचवील. ती स्वस्त खरी, पण इतका पातळ थर जुन्या जमिनीला धरत नाही, त्याचे पोपडे निघतात.

काही दुकानदार मऊ फोम खाली घालण्याचा आग्रह करतात. पायाला तो सुखद वाटतो. पण बाकाचा पाय त्यात रुततो आणि सांधे उघडतात. तळमजल्यावर प्लायवूडही नको, कारण ओल आणि वाळवी दोन्ही त्याच्या वाटेवर टपलेल्या असतात. जुन्या वाड्यात भरणाऱ्या शाळेच्या लाकडी माडीवर मात्र तेच योग्य. ते जलरोधक प्रतीचे असावे, त्याचे सांधे खालच्या फळ्यांच्या सांध्यांवर येऊ नयेत आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली बसवून वर भरण करावे.

अंदाजपत्रक मागविताना अस्तराचा खर्च स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा. तो एकत्र धरला, तर काटछाटीच्या वेळी प्रथम तोच जातो.