प्रकाशाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा आमची समजूत झाली की किमान वेतनावर बोलावयाचे असेल. पत्र पुन्हा वाचले आणि विषय दिसला : महानगरातला प्रकाश आणि रोजचे छायाचित्रण. युनियनच्या कचेरीत ही बातमी कळताच एक जुने सहकारी म्हणाले, "तीस वर्षे मालकांचे हिशेब उजेडात आणलेत, आता उजेडाचाच हिशेब मांडा !" विनोदाने बोलले, पण व्याख्यानाला नाव देऊन गेले.

आम्ही कलावंत नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि छायाचित्रणाचे शिक्षण झाले ते चुकांमधून. म्हणून आज सांगणार आहोत ते कलेविषयी थोडे आणि हिशेबाविषयी अधिक आहे. आमचे म्हणणे एवढेच की प्रकाश ही मोजता येणारी वस्तू आहे, मोठ्या शहरात तिची वाटणी होते, आणि ती वाटणी तपासण्याचे साधन आज बहुतेकांच्या खिशात आहे.

आमचा जन्म लालबागच्या चाळीतला. दहा बाय दहाची खोली. मागे खिडकी होती, पण ती शेजारच्या भिंतीला टेकल्यासारखी. उजेड यावयाचा तो दारातून. वडील गिरणीत साचेखात्यात होते. चाळीतल्या एका मामांजवळ अग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रिळात बारा फोटो. त्यामुळे मामा बोट दाबण्यापूर्वी बराच वेळ नुसते पाहत बसत. १९८१ च्या दिवाळीत त्यांनी वडिलांचा फोटो काढला. वडील व्हरांड्याच्या उन्हात ताठ उभे राहिले होते. मामा म्हणाले, "तिथे नको. उंबऱ्याच्या आत एक पाऊल या, आणि तोंड दाराकडे करा." त्या एका पावलाने डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या गेल्या, कपाळावरचे ऊन गेले, आणि चेहरा जसा होता तसा दिसू लागला. दोन-अडीच महिन्यांनी, १९८२ च्या जानेवारीत, गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचा चांगला असा तेवढा एकच फोटो आमच्याजवळ आहे. प्रकाशाचा पहिला धडा आम्हाला त्या उंबऱ्याने दिला.

आता कॅमेरा काय करतो ते पाहू. आपला डोळा फार उदार आहे. भर उन्हातून खोलीत आलो की क्षणभर अंधारी येते, मग तो जुळवून घेतो, आणि खोलीत बाहेरच्या शतांशानेही प्रकाश नाही हे आपण विसरून जातो. गरीब माणसाला अर्ध्या पोटी राहण्याची सवय व्हावी तशीच ही सवय. कॅमेरा मात्र विसरत नाही. त्याला जेवढा प्रकाश मिळाला तेवढाच तो जमेस धरतो. प्रकाश कमी पडला तर त्याच्यापुढे तीनच वाटा : झडप जास्त वेळ उघडी ठेवणे, भिंगाचे छिद्र मोठे करणे, किंवा आत टिपणाऱ्या भागाची संवेदनशीलता वाढवणे. बहुतेक मोबाइलांत छिद्र कायमचे एकाच मापाचे असते. म्हणून उरल्या दोन वाटा, वेळ आणि संवेदनशीलता. या दुसऱ्या गोष्टीच्या आकड्याला आयएसओ म्हणतात. कोणताही फोटो उघडून त्याची माहिती पाहा. हे दोन्ही आकडे तिथे बहुधा लिहिलेले सापडतात. आकडा दुप्पट झाला, म्हणजे प्रकाश निम्मा होता. कामगाराला पगाराची चिठ्ठी वाचता येते, त्याला हेही वाचता येईल.

हे डोक्यात ठेवून मुंबईत हिंडू लागले म्हणजे शहर निराळे दिसते. पश्चिम रेल्वेची सकाळची गाडी चर्चगेटकडे निघाली की सूर्य डाव्या हाताला असतो. डावीकडच्या खिडकीतला प्रवासी एका गालावर सोनेरी आणि दुसऱ्या गालावर काळा दिसतो. पूर्वी समोरच्याने वर्तमानपत्र उघडले की त्या पांढऱ्या कागदावरून थोडे ऊन परतून काळ्या गालावर पडे, आणि फोटो आपोआप साधे. आता पुष्कळांचे चेहरे हातातल्या मोबाइलने खालून उजळलेले असतात. पावसाळ्यात सारे आभाळच मलमलीच्या पडद्यासारखे ताणले जाते. त्या दिवसांत कोणाचाही चेहरा कुठेही टिपावा, सावली बोचत नाही. उलट मेच्या मध्याला मुंबईत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच मावते, आणि हातगाडी ओढणाऱ्याचे डोळे भुवयांखाली काळे पडतात. तेव्हा त्याला सावलीत बोलवावे, पाणी विचारावे, आणि मग परवानगी घेऊन फोटो काढावा. दमून झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नये. त्याची झोप ही त्याची खाजगी मिळकत आहे.

परळ-लालबाग भागात काही ठिकाणी जुन्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे पाहावयास मिळतात. पुष्कळांना ती शोभा वाटते. वास्तविक ते प्रकाशाचे यंत्र होते. आपल्या देशात वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कलतो. म्हणून त्या दातांच्या काचा उत्तरेकडे ठेवीत. थेट ऊन आत येत नसे, आभाळाचा शांत, सारखा उजेड येई. वडील म्हणत, "साचेखात्यात माणसाला सावली नसते." लहानपणी आम्हाला ही भुताची गोष्ट वाटे. पुढे कळले की तुटलेला धागा दिसावा म्हणून ती सोय होती. ती सोय धाग्यासाठी होती. विणणाऱ्याच्या डोळ्यांना तिचा लाभ झाला तो ओघाने.

एक योगायोग आम्हाला नेहमी विचारात पाडतो. कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली ती १८५४ मध्ये, आणि मुंबईची छायाचित्रण संस्था स्थापन झाली तीही १८५४ मध्येच. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या संस्थेतले. यंत्र आणि छायाचित्र दोन्ही या शहरात बरोबरच रुजली. परंतु त्या काळच्या गिरणीत कामाचा दिवस सूर्यावर चाले. उजाडले की सुरू, मावळले की बंद. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या बरोबरीने एक मागणी अशी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. सूर्यास्त ही मागणी ! घड्याळ मालकाच्या हातात होते, सूर्य मात्र नव्हता, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते.

मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. उजेड वाढला आणि त्याच उजेडाने दिवस लांबला. तेरा-चौदा तास, कुठे त्याहूनही अधिक काम होऊ लागले. त्यावर कामगार खवळले, सरकारी चौकशा झाल्या, आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा आली. तात्पर्य काय, तर प्रकाश वाढला म्हणजे कल्याण झाले असे नव्हे. दिवा कोणाच्या हातात आहे आणि तो कशासाठी लावला आहे, हे विचारावे लागते.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचे मूळ तिच्यात आहे. २०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईतल्या एका गाळ्यात शिलाईचे काम चाले. काळ्या कापडावर काळा धागा. वरच्या काचा धुळीने आणि शेवाळाने झाकलेल्या, नळ्या उंच टांगलेल्या आणि अर्ध्या बंद. सहा महिन्यांत दोघी बायकांच्या बोटांत सुई गेली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १७ वे कलम आम्हाला पाठ होते : काम चालते तिथे पुरेसा आणि योग्य प्रकाश हवा, काचा आतून-बाहेरून स्वच्छ हव्यात, डोळ्यांवर ताण आणणाऱ्या सावल्या टाळावयास हव्यात. आम्ही ऐटीत सांगितले, "पुरावा हवा ना ? फोटो काढतो." काढला, आणि छापून बैठकीत टेबलावर ठेवला. मालकांनी तो उचलला, निरखून पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, "चांगला लख्ख उजेड आहे की !"

आणि फोटोत तो होता. मोबाइलने आपल्या बुद्धीने अंधार उजळून दिला होता. ज्या मावशींच्या बोटाला अजून पट्टी होती त्या आमच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फोटोत मला सुईचं नेढं दिसलं. तिथं बसल्यावर दिसत नाही." तीस वर्षांत मालकांपुढे आम्ही पुष्कळदा हरलो होतो, पण स्वतःच्याच पुराव्याने हरण्याची ती पहिली वेळ.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. तो फोटो पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. मग त्याची माहिती उघडली. चित्र खोटे बोलत होते, पण आकडे खरे बोलत होते. आठ दिवसांनी आम्ही आणि त्या मावशी एक कोरा पांढरा कागद घेऊन गेलो. दुपारी एकाच वेळी, एकाच मोबाइलने, उजळवण्याच्या साऱ्या सोयी बंद करून, तोच कागद चौकट भरून दोनदा टिपला. एकदा दाराशी आणि एकदा मशीनच्या सुईखाली. दाराशी आयएसओ १०० आणि वेळ सेकंदाचा एकशेविसावा भाग. सुईखाली आयएसओ १६०० आणि वेळ सेकंदाचा तिसावा भाग. संवेदनशीलता सोळा पट, वेळ चौपट; सोळा चोक चौसष्ट. दाराशी रुपया मिळत असेल तर सुईखाली दीड पैसाच पडत होता. दोन्ही फोटो दिसावयास मात्र अगदी सारखे, एकाच करड्या रंगाचे !

हा कागद निर्विवाद पुरावा होता असे नाही; त्यासाठी प्रकाश मोजण्याचे प्रमाणित यंत्र लागते, आणि ते आणा अशी मागणी करण्यास आम्हाला त्या आकड्यांनी तोंड दिले. यंत्र येण्याआधीच काचा धुतल्या गेल्या, नळ्या साखळ्यांनी खाली आल्या, आणि प्रत्येक मशीनवर छोटा दिवा बसला. हा विजय म्हणावा, तर त्याच दिव्यांखाली दिवाळीच्या घाईत रात्री नऊपर्यंत काम घेण्याची टूम निघाली. १९०५ ची गोष्ट ११४ वर्षांनी आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली. तेव्हा दुसरी बैठक बसवावी लागली, ती घड्याळाची.

कारखान्याबाहेरही हाच हिशेब आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यातून १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या अधिकाऱ्यांनी प्रकाशाचा एक कोन ठरवला, साडेत्रेसष्ट अंशांचा. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्म्याने तरी मधे मोकळी जागा हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीला आभाळ दिसेल. पुढे शंभर वर्षांनी पूर्व उपनगरांत पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती उभ्या राहिल्या, काही ठिकाणी एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरांवर. इमारत चोवीस मीटर उंच धरली तर जुन्या कोनाप्रमाणे बारा मीटर हवेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध ऊन आणि हवा न मिळण्याशी दिसून आला. तसेच गिरण्यांच्या जमिनींवरच्या मनोऱ्यांचे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे सत्तेचाळीस अंशच वर असतो. दोनशे मीटरांच्या मनोऱ्याची सावली तेव्हा उत्तरेकडे जवळजवळ एकशेऐंशी मीटर जाते. त्या सावलीत कोणाची वाळवणे आहेत, याची नोंद नकाशात नसते. ती आपल्या फोटोत असू शकते.

म्हणून, श्रोतेहो, आमची एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक पांढरा कागद घ्या. घरात जिथे मूल अभ्यासाला बसते, जिथे स्वयंपाक होतो, जिथे म्हातारी माणसे दिवस काढतात, तिथे तो ठेवून दुपारी बारा वाजता टिपा. दर महिन्याला एकदा, वर्षभर. आकडे वहीत लिहा. आपल्याच घरात प्रकाशाची वाटणी कशी झाली आहे ते दिसेल, आणि पुष्कळ घरांत सर्वांत कमी वाटा ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा निघेल. तो बदलण्यास मोर्चा लागत नाही.

हिशेब झाला की कागद बाजूला ठेवा, त्या माणसाला दाराशी बोलवा, उंबऱ्याच्या आत एक पाऊल उभे करा, तोंड उजेडाकडे करावयास सांगा, आणि एक फोटो काढा. नीट पाहून, जणू रिळात बाराच शिल्लक आहेत असे समजून काढा. आमच्या वडिलांचा एकच आहे.