दोन शर्यतींचीं दोन चित्रें



माझे दोन नातू. एकाच्या घरीं प्लेस्टेशन ४, दुसऱ्याच्या घरीं एक्सबॉक्स वन. गेल्या दिवाळींत दोघेही आपापलीं यंत्रें घेऊन माझ्याकडे आले. आणि मोटारींच्या शर्यतीचा कोणता व्हिडिओ गेम अधिक सुंदर दिसतो, याचा निवाडा त्यांनीं माझ्यावर सोंपविला. चौतीस वर्षें मुलांचे कागद तपासलेल्या मास्तराला यांत अवघड तें काय, असें मला वाटलें.

एका बाजूस २०१४ सालचा ‘ड्राइव्हक्लब’, दुसऱ्या बाजूस २०१३ सालचा ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ५’. दोहोंचें चित्र आडवें १९२० व उभें १०८० बिंदूंचें. म्हणजे कागद व रेघ सारखीच. मीं दोन्ही खेळ थांबवावयास सांगितले. ड्राइव्हक्लबच्या काचेवर पावसाचे थेंब होते, मागें काळवंडलेलें आभाळ होतें. मीं तत्काळ त्याला पहिला नंबर दिला.

धाकटा म्हणाला, “आजोबा, थांबवून पाहिली तर ती शर्यत कसली? चालवून पाहा ना.”

चालवून पाहिलें, तेव्हां गणित उमगलें. ड्राइव्हक्लब सेकंदाला ३० चित्रें दाखवितो, फोर्झा ६०. एक चित्र रंगविण्यास पहिल्यास सुमारें ३३ सहस्रांश सेकंद मिळतात, दुसऱ्यास जेमतेम १७. ताशीं १८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ५० मीटर धांवते. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती पहिल्या खेळांत सुमारें १६७ सेंटिमीटर सरकते, दुसऱ्यांत ८३. म्हणून फोर्झांत वळण डोळ्यांना अधिक सलग दिसतें.

परंतु याची किंमतही द्यावी लागली. फोर्झाच्या या खेळांत पाऊस नाहीं, रात्र नाहीं; ऊन-सावली आधींच हिशेब करून बसविलेली. ड्राइव्हक्लबमध्यें सूर्य मावळतो, ढग सरकतात. दुप्पट सवड तेथें खर्ची पडते. आणि दोन चित्रांमधील खंड जाणवूं नये म्हणून धांवतें दृश्य मुद्दाम पुसट केलें जातें. २०२२ सालीं ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा खेळ प्लेस्टेशन ५ वर आला, तेव्हांही प्रकाशकिरणांचा माग काढून रेखाटलेलीं प्रतिबिंबें गॅरेजांत आणि शर्यत पुन्हां पाहतांना दिसत. प्रत्यक्ष शर्यतींत नाहींत. शिल्लक वेळ कोठें खर्च करावयाचा, हाच जो तो कारागीर ठरवीत असतो.

त्या पुसटपणाशीं मात्र मी थबकलों. फार वर्षांपूर्वीं चित्रकलेच्या परीक्षेंत एका मुलानें शंकरपटांतील बैलगाडी काढली होती. चाकांचे आरे त्यानें बोटानें पुसून टाकले होते. ‘आरे दिसत नाहींत’ असा शेरा मारून मीं त्याचे गुण कापले. ज्यानें सगळे आरे मोजून काढले, त्याला पहिला नंबर दिला. पहिल्याची गाडी पळत होती, दुसऱ्याची उभी होती, हें मला आतां पासष्टाव्या वर्षीं कळत आहे.

माझा निकाल मीं मागें घेतला. शर्यत पाहणाऱ्याला ड्राइव्हक्लब अधिक आवडेल, चालविणाऱ्याला फोर्झा. आपल्या घरीं हा वाद निघाला, तर वडीलधाऱ्यांनीं आधीं एक फेरी चालवावी, मग बोलावें. त्या मुलाचा कागद आज माझ्यापाशीं नाहीं. एरव्हीं त्यावरचा शेरा मीं खोडला असता.