कुरकुर



मी सातवी शिकलेली. मला भाषण येत नाही. एका शब्दाविषयी जरा बोलते.

लोकमान्य टिळकांना आपण 'असंतोषाचे जनक' म्हणतो. १९१० साली चिरोल नावाच्या इंग्रजाने ते दूषण म्हणून लिहिलं. आपल्या लोकांनी ते भूषण मानलं. पण बाईमाणसाने घरात काही मागितलं, तर त्याला असंतोष कोणी म्हणत नाही. ती 'कुरकुर'!

सातवीनंतर मी पुढं शिकते म्हटलं, तेव्हा आई म्हणाली, "कुरकुर करू नकोस." मी गप्प बसले. यंदा माझी लेक तालुक्याच्या कॉलेजात जाते म्हणाली, आणि माझ्याच तोंडून तेच शब्द निघाले. तीही गप्प झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दाराची बिजागरी कुरकुरली, तर आपण दारावर रागावतो का? तेल घालतो. मग लेकीवरच का रागवावं? सकाळी मीच आमच्या ह्यांच्यापुढे विषय काढला. आठ दिवस धुसफूस झाली, पण अर्ज भरला.

भगिनींनो, घरात कोणी कुरकुरलं, तर आधी विचारा, "काय हवंय ग तुला?"