अधूनमधून उगवणारा थर

जूनमधल्या एखाद्या सकाळी इंग्लंडमधला माणूस गाडीतला एफएम रेडिओ लावतो आणि नेहमीच्या केंद्राच्या जागी त्याला चक्क स्पॅनिश गाणे ऐकू येते. अर्ध्या तासात ते विरूनही जाते. रेडिओ बिघडलेला नसतो. एफएमच्या लहरी एरवी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. त्या दिवशी मात्र सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, जेमतेम एक-दोन किलोमीटर जाडीचा दाट थर जमलेला असतो आणि तो त्यांना खाली परतवतो. एका उडीत दोनेक हजार किलोमीटरपर्यंत मजल!

शास्त्रज्ञ याला ‘स्पोरॅडिक ई’ म्हणतात. म्हणजे अधूनमधून उगवणारा ‘ई’ थर. जळालेल्या उल्कांमधले लोह, मॅग्नेशियम यांचे विद्युतभारित कण तिथे तरंगत असतात. वरचा वारा एका दिशेला आणि खालचा उलट दिशेला वाहू लागला, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे हे कण मधल्या पट्टीत गोळा होतात. हा खुलासा व्हाइटहेड यांनी १९६१ मध्ये मांडला.

उद्या सकाळी थर जमेल का? ते सांगता येत नाही. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, की या लहरी पाहुण्याच्या सवयी दिसू लागतात. मध्य अक्षांशांवर तो उन्हाळ्यात सर्वांत जास्त येतो, हिवाळ्यात पुन्हा थोडासा डोकावतो. दिवसात दुपारच्या आधी आणि संध्याकाळच्या सुमारास त्याचा जोर असतो. फ्रिक्वेन्सीचा हिशेब मला विशेष गमतीचा वाटतो. समजा, ६ मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी परतवण्याइतका दाट थर शंभरात दहा वेळा आढळला आणि ८ च्या वरचा पाच वेळा. तर १० च्या वरचा साधारण अडीच वेळा आढळावा. पायरी तेवढीच, घट त्याच प्रमाणात. हा फिलिप्स यांचा ठोकताळा.

एकाच फ्रिक्वेन्सीवर दूरदूरच्या दोन केंद्रांना परवानगी देताना, ती किती टक्के वेळ एकमेकांत घुसतील हे आधी मोजावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यासाठी रीतसर पद्धत घालून दिली आहे.

आपल्या दक्षिण टोकाला मात्र हे गणित लागू पडत नाही. केरळातले थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे चुंबकीय रेषा आडव्या असल्याने वाऱ्याची ती युक्ती चालत नाही. तिथला थर वेगळ्या जातीचा. दिवसा वरून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहातून तो उपजतो, ऋतू फारसा पाहत नाही आणि सूर्य मावळला की ओसरतो. १९६३ मध्ये भारतातला पहिला संशोधन-अग्निबाण थुंब्याहून सोडला गेला, तो याच चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळिकीमुळे.