स्वमत कुणाचं?

(पेठ येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. उतारा वाचून मुलीने आपलं मत लिहायचं. बायकांच्या मताला किंमत मिळावी म्हणून आपण इतकी वर्षं झगडतोय, त्यामुळे हा शब्द मला फार आवडला होता. मग मी वह्या पाहिल्या.

आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेने मला मुलींच्या गळतीवर बोलायला बोलावलं होतं. मी म्हटलं, भाषण नको, वह्या घेऊन बसू या. नववी ते बारावीचे शिक्षक एका शनिवारी दुपारी बसले. वह्यांवरची नावं कागद लावून झाकली. विषय होता पाणी. एकामागून एक वही उघडली, तर सगळ्यांचं स्वमत एकच: पाणी हे जीवन आहे, दात घासताना नळ बंद ठेवावा. शेजारी लाल शाईची बरोबरची खूण. ज्यांच्या पाड्यावर नळच नाही, त्या मुलींनीही फळ्यावरचं हेच उतरवलं होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कारणं आली. जागा रिकाम्या आहेत, पोर्शन संपत नाही, मुलं गाइड सोडत नाहीत. ही कारणं खोटी नाहीत. पण वह्या सगळ्यांच्या होत्या, दोष कुणा एकावर येत नव्हता, म्हणून बोलणं पुढे गेलं.

एका बाईंनी सोमवारी वर्गात तोच प्रश्न तोंडी विचारला, घरच्या बोलीत सांगा म्हणाल्या. एक मुलगी उठून बोलली. मे महिन्यात विहिरीत पाणी रात्री झिरपतं, म्हणून आई पहाटे तीनला उठते. आई आजारी पडली की धाकट्या बहिणीची शाळा बुडते. मत होतं, कारण होतं, दाखलाही होता. वहीत मात्र नळ होता.

पुढच्या बैठकीत यावरून वाद झाला. एक ज्येष्ठ सर म्हणाले, बोलीत लिहिलं तर बोर्डात गुण जातील. त्यांची भीती खरी होती. शेवटी ठरलं, की पहिला खर्डा मुलीच्या बोलीत आणि दुसरा प्रमाण मराठीत करायचा. वही पाहताना मुलीला काय येतं ते आधी म्हणायचं, काय राहिलं ते नंतर. महिनाभर एकच गोष्ट सुधारायची आणि तीच वही पुन्हा बैठकीत आणायची. तिसऱ्या बैठकीत त्या मुलीचं सात ओळींचं उत्तर आलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, पण उत्तर तिचं होतं.

हे आपल्या बैठकीत का सांगते? माझ्या ओळखीची एक मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास होऊन नाशिकला गेली. शिष्यवृत्ती होती, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह होतं. पहिल्याच चाचणीत गाइडात नसलेला प्रश्न आला आणि ती कोरा कागद देऊन उठली. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. शिकून काय दिवे लावले, असं घरात झालं आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. कॉलेजच्या दारापर्यंत आपण तिला पोहोचवलं होतं. आत टिकण्याची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. आपणही नाही.

पेठमध्ये दादासाहेब बिडकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे. शाळेतल्या आणि महाविद्यालयातल्या शिक्षकांनी वर्षातून दोनदा तरी एकत्र बसून बारावीच्या वह्या पाहाव्यात, अशी मागणी आपण करू या. प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदा केंद्रपातळीवर भरतात. तिथेही परिपत्रकांच्या जोडीला मुलांच्या वह्या उघडल्या जाव्यात, कारण उतरवून घ्यायची सवय दहावीत लागत नाही, तिसरी-चौथीतच लागते.

आणि एक काम आपल्या हातातलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. आपल्या किती जणी तिथे फक्त अंगठा उमटवून येतात? पुढच्या सभेला मुलीची वही सोबत न्या. वाचता येत नसलं तरी ती पुढे ठेवा आणि विचारा, गुरुजी, यातलं माझ्या पोरीचं काय आहे?