आपत्तीपूर्वीची तालीम



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो जीव गेले. अशा वेळी शेकडो जखमींतून प्रथम कोणावर उपचार करावयाचे, हे क्षणात ठरवावे लागते. पुस्तकातून ते येत नाही. आता आभासी वास्तवाचा चष्मा चढविताच परिचारिकेपुढे ढिगारा अन् आक्रोश उभा राहतो. तिने प्रत्येकास लाल, पिवळी, हिरवी वा काळी चिठ्ठी लावावयाची. काळी म्हणजे आशा नाही. तीच लावणे सर्वांत अवघड! येथे चुकले तरी कोणी दगावत नाही. रक्त थांबविणारा दाब मात्र प्रत्यक्ष हातानेच शिकावा लागतो. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीच्या भूकंपाचे धक्के परभणीलाही जाणवले. येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; ही तालीम तेथे सुरू व्हावी.